रिपोर्ट बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

वसुलीच्या फोनने तुम्ही दोघं धास्तावला आहात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. बाबा, हे पत्र बँकेच्या फायलीला लावून ठेवा.

पैसे भरण्याआधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, काढा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा, आणि चारही काढा. एकीकडे असलेली चूक दुसरीकडे असेलच असं नाही. स्कोअरच्या, म्हणजे त्या नोंदीवरून दिलेल्या गुणांच्या, आकड्यावर अडकू नका, थेट खात्यांच्या तक्त्याकडे जा. तिथे महिन्यांचे चौकोन दिसतील. '०००' म्हणजे हप्ता वेळेवर, '०३०' म्हणजे ३० दिवस थकलेला. तीन 'एक्स' म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. तो उशीर नव्हे. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक कर्ज, होतं. एका चुकलेल्या हप्त्यापेक्षा ते कितीतरी जड जातं.

बाबा, तुम्ही ज्या कर्जांना जामीन राहिलात तीही तुमच्याच रिपोर्टमध्ये येतात. कर्जदाराने हप्ता चुकवला की डाग तुमच्याही नावाला लागतो. म्हणून 'हे खातं माझं नाही' म्हणण्याआधी त्यापुढे जामीनदार लिहिलं आहे का ते बघा.

आई, कार्डाचं बिल देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त राहिलं तरच बँक ते थकीत म्हणून कळवू शकते. तुझा एखाद्या दिवसाचा उशीर तिथे दिसत असेल, तर ती चूक आहे.

चुकीच्या नोंदीसाठी बँक आणि रिपोर्टवाली संस्था, दोघांकडे एकाच दिवशी तक्रार करा. संस्था स्वतःहून आकडा बदलत नाही, ती बँकेलाच विचारते. पैसे गेल्याची ओळ असलेलं खातेपुस्तकाचं पान जोडा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट. खरी नोंद मात्र कुणालाच पुसता येत नाही. पैसे घेऊन पुसून देतो म्हणणाऱ्याला दारातही उभं करू नका.

आता वसुलीवाल्यांच्या 'निम्म्यात मिटवतो' या बोलण्याबद्दल, कारण खरी फसगत इथेच होते. तडजोड केली की रिपोर्टवर 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलं) येत नाही, 'सेटल्ड' (कमी पैशांत मिटवलं) येतं. पुढच्या बँकेला त्यातून एवढंच कळतं, की आधीच्या बँकेचे पूर्ण पैसे बुडाले नसले तरी थोडे बुडाले. झेपत असेल तर पूर्ण भरा. औषधपाण्याची पुंजी मोडावी लागणार असेल तर तडजोड करा, तुमच्या तब्येतीपेक्षा स्कोअर मोठा नाही. पण आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या: खाते क्रमांक, रक्कम, तारीख, आणि यानंतर येणं बाकी नाही असं स्पष्ट वाक्य. पैसे फक्त कर्जखात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. बँकेने कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर विक्रीचं पत्र मागा. नाहीतर पैसे भलत्यालाच जातील आणि कर्ज तसंच उभं राहील.

दोन थकबाक्या असतील तर ९० दिवसांच्या आतली आधी भरा. जुन्या राइट-ऑफ, म्हणजे बँकेने बुडीत धरलेल्या, खात्याचं नुकसान होऊन गेलेलं आहे. नवं होऊ घातलेलं आधी थांबवू.

भरल्यावर 'नो ड्यूज' पत्र घ्या आणि महिन्याभराने रिपोर्ट पुन्हा बघा. बँकांनी आता किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची असते, त्यामुळे पूर्वीइतकी वाट बघावी लागू नये.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. केला तर वेळ टिपून ठेवा, तक्रारीत लागेल. दिवसा कुणी घरी आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, आणि बाबा, एवढंच म्हणा: "लेखी पाठवा, वाचून कळवतो." चारही रिपोर्ट निघाले की मला पाठवा, रात्री फोनवर एकेक ओळ सोबत बघू.

तुमची,
लेक