बाबा, त्या ऑनलाइन सर्व्हेंबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "त्या ऑनलाइन सर्व्हेतून महिन्याला काही सुटेल का गं?" मी ऑफिसात होते, धड बोलता आलं नाही. पण दोन वाक्यांत उरकावा असा तो प्रश्नही नाही. तो का विचारलात हे मला कळतं. उभा जन्म एसटीत काढून हाती येते ती ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफवाल्यांकडून मिळणारी पेन्शन. तिची किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबली आहे. तुम्हाला त्याहून जास्त मिळते, तरी आईच्या गुडघ्यांच्या गोळ्या आणि तुमची बीपीची औषधं आणली की फारसं काही उरत नाही.

म्हणून आधी उत्तर देते. खरे सर्व्हे पैसे देतात, पण त्यांवर घरखर्चाची भिस्त ठेवावी इतके नाही. आणि जे तेवढे पैसे देण्याची बोली करतात, ते सर्व्हे नसतातच.

मी याच क्षेत्रात नोकरी करते, त्यामुळे आतून सांगू शकते. समजा एका कंपनीला नव्या बिस्किटाबद्दल ५०० लोकांची मतं हवी आहेत. त्यात बायका किती, पुरुष किती, कोणत्या वयाचे, कोणत्या गावचे हे आधीच ठरतं. त्याला आम्ही कोटा म्हणतो. गाडी भरली की तुम्ही स्टँडवर लोकांना पुढच्या गाडीने जायला सांगायचात ना, तसंच इथे होतं, फक्त इथे माणूस दहा मिनिटं उत्तरं देऊन झाल्यावर त्याला कळतं की जागा नाही. शिवाय पुष्कळ कंपन्यांना ग्राहक तरुण हवा असतो. वयाची मर्यादा ४५ किंवा ५५ ठेवलेली असते, आणि तुम्ही ६५ लिहिलंत की स्क्रीनवर येतं, 'क्षमस्व, हा सर्व्हे तुमच्यासाठी नाही.'

बाबा, तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. तुमचं त्यात काहीच चुकलं नव्हतं. सुरुवातीलाच प्रश्न होता: घरातलं कोणी जाहिरात, वर्तमानपत्र किंवा मार्केट रिसर्चमध्ये काम करतं का? तुम्ही खरं ते लिहिलंत, 'होय, मुलगी.' तिथेच दार बंद झालं. हा प्रश्न आम्ही मुद्दाम घालतो, कारण या धंद्याशी संबंधित घरातून आलेली उत्तरं धरता येत नाहीत. आता तुम्ही 'नाही' लिहिलंत तर पुढे जाल, पण तसं लिहू नका. खोट्या उत्तरांवर चाललेलं हे काम मी रोज बघते, त्यात तुमचं नाव नको.

आई, तू विचारलंस ना, साबणाच्या सर्व्हेत 'शेतजमीन आहे का' हे कशाला विचारतात? अगदी बरोबर शंका आहे. २०११ पासून आपल्याकडे घरांची प्रतवारी दोन गोष्टींवर करायची पद्धत आहे: घर चालवणाऱ्याचं शिक्षण, आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, दुचाकी, गाडी, कॉम्प्युटर, एसी आणि शेतजमीन. त्यावरून ए-१ पासून ई-३ पर्यंत बारा श्रेणी लागतात. जमीन बळकवायला कोणी ते विचारत नाही. पण सातबाऱ्याचा गट नंबर, आधार, पॅन, बँकेचा खाते नंबर हे कुठलाही खरा सर्व्हे मत विचारताना मागत नाही. मागितलं की फोन खाली ठेव.

आता हिशोब. समजा वीस मिनिटांच्या सर्व्हेचे तीस रुपयांचे पॉइंट मिळाले. त्याआधी चार सर्व्हेंनी पाच-पाच मिनिटं घेऊन बाहेर काढलं. म्हणजे चाळीस मिनिटांचे तीस रुपये, आणि तेही हातात नाहीत. ठरावीक पॉइंट जमल्याशिवाय काढता येत नाहीत, बरेचदा व्हाउचरच मिळतं, आणि काही ठिकाणी बराच काळ लॉगिन केलं नाही तर पॉइंट बुडतात. गूगलचं ओपिनियन रिवॉर्ड्स हे सर्व्हेचं ॲप त्यातल्या त्यात सुटसुटीत, चार-दोन प्रश्नांत आटपतं. पण अँड्रॉइड फोनवर त्याचं मिळतं ते प्ले स्टोअरचं क्रेडिट. त्यातून औषधं येत नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसाने एवढ्यासाठी तासन् तास स्क्रीनकडे बघत बसावं, हे मला पटत नाही.

स्पीक एशिया आठवतं का? ११,००० रुपये भरा, आठवड्याला सर्व्हे भरा आणि वर्षाला ५२,००० मिळवा, अशी ती योजना होती. २०११ मध्ये ती कोसळली, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेलं. देशभरात लाखो माणसं अडकली. आज तेच टेलिग्रामवर चालतं. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला स्टार द्या, पहिले दीड-दोनशे रुपये खरंच खात्यात येतात, आणि विश्वास बसला की 'प्रीपेड टास्क' म्हणून हजारो रुपये भरायला लावतात. सर्व्हे भरण्यासाठी पैसे मागणारा प्रत्येक जण चोर समजा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. आणि 'आमचे पैसे तुमच्या खात्यात येतील, तुम्ही पुढे पाठवा' असं कोणी म्हणालं तर साफ नकार द्या. ते पैसे दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले असतात आणि खातं तुमचं गोठतं. चुकून काही झालंच तर मला फोन करायच्याही आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. लगेच कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात.

बाबा, पैसे वाढवायचेच असतील तर माझ्या मते ते तुमच्या बचत खात्यात पडलेल्या ग्रॅच्युइटीतून वाढतील. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर २०२३ पासून ८.२ टक्के आहे. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं तसाच राहतो. चार लाख ठेवले तर दर तीन महिन्यांनी ८,२०० रुपये येतील. आईचं नाव जोडीला घालता येतं.

या सोमवारची रजा मी टाकली आहे, रविवारी रात्री पोचते. पासबुक, चेकबुक, दोघांचं आधार-पॅन आणि फोटो काढून ठेवा, सकाळी दहाला पोस्टात जाऊ. आणि औषधांचं बिल मी परस्पर मेडिकलवाल्या काकांना पाठवत जाईन, त्यावर आता वाद नको.

तुमची,
लेक