वर्गमुळांच्या पटांबद्दल मिस्तरी नानांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्तरी नाना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार करावा, असे शाळा व्यवस्थापन समितीने ठरवले होते. तो निरोप घेऊन आलेल्या मुलांना तुम्ही भुशाची पोती उचलायला लावलीत आणि सत्काराबद्दल एक अक्षर न बोलता परत पाठवलेत. मुलांच्या खेळांसाठी कापून दिलेल्या पटांची मजुरी विचारली, तेव्हा प्लायवूडचे ते तुकडे नाहीतरी चुलीतच जाणार होते, असे उत्तर मिळाले. आभार मानण्याचा जो एक मार्ग तुम्हाला अडवता येणार नाही, तो मी आता पत्करते आहे. हे पत्र जाहीर लिहिण्याचे दुसरेही कारण आहे. आमच्या आठवीच्या वर्गात या वर्षी वर्गमूळ ज्या रीतीने शिकले गेले, त्यात तुमचा वाटा नेमका कोणता होता, हे चाळीसगाव तालुक्यातल्या आणि एकूणच खानदेशातल्या गणित शिक्षकांना कळावे, अशी माझी इच्छा आहे. सुताराने मुलांना फळ्या कापून दिल्या, असे गावात सांगितले जाते. ते खरे आहे, परंतु फार अपुरे आहे.

वर्गमूळ काढण्याच्या दोन रीती मुले शिकतात: मूळ अवयवांच्या जोड्या लावण्याची आणि भागाकाराची. पूर्ण वर्ग संख्या दिली की आमच्या मुलांची उत्तरे दोन्ही रीतींनी बरोबर येत होती. तरीही १०८९ चे वर्गमूळ ३३ असे फळ्यावर बिनचूक लिहिणाऱ्या मुलाला, एक गुंठ्याच्या चौरस तुकड्याची बाजू किती फूट असे विचारले, तर तो गप्प बसत असे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन, आणि त्या मुलाच्या घरी गुंठ्यांचा हिशोब रोज चालतो. म्हणून मुलांनी गट करून पटावरचे खेळ स्वतः रचावेत, नियमही त्यांनीच ठरवावेत आणि वर्गमुळाचा विचार केल्याशिवाय सोंगटी हलता कामा नये, एवढी एकच अट मी घातली. पुठ्ठ्याचे पट दोन दिवसांत फाटू लागले, तेव्हा मुले तुमच्या दुकानात आली.

तिथे तुम्ही त्यांना दुसरी अट घातलीत. ‘माप लई या, मंग करवत लावसू,’ हे तुमचे वाक्य आता वर्गातल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. मोठा पट, थोडा लहान पट, याच्याएवढा पट, असली मागणी तुम्ही ऐकूनच घेतली नाहीत. घर बांधणाऱ्या गिऱ्हाईकाकडून चौकटीचे माप घ्यावे, तसे तुम्ही तेरा वर्षांच्या मुलांकडून कागदावर आकृती, बाजू आणि घरांची संख्या मागितलीत. मुलांचे काम म्हणून तुम्ही त्यांना सूट दिली नाहीत, आणि माझ्या मते या वर्षीचे गणित इथून सुरू झाले.

दुप्पट पटाची गोष्ट मला सविस्तर लिहिली पाहिजे. एका गटाकडे एक फूट लांब आणि एक फूट रुंद पट होता. खेळणारे वाढल्यामुळे त्यांना तो दुप्पट करून हवा होता, आणि त्यांनी चिठ्ठीवर दोन फूट गुणिले दोन फूट असे लिहून आणले. तुम्ही त्यांची चूक सांगितली नाहीत. तेवढ्या प्लायवर जुना पट ठेवून तुम्ही त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढलीत, पट सरकवून पुन्हा ओढलीत, आणि चार पट बसल्यावर विचारलेत, की पैसे दोन पटांचे देणार की चार पटांचे? मुले वर्गात परतली ती दोन चौरस फुटांच्या चौरसाची बाजू शोधतच. दीड फूट धरली तर सव्वादोन चौरस फूट होतात, म्हणजे जास्त. सव्वा फूट धरली तर दीडच्या जरा वर, म्हणजे कमी. इंचांत मोजले, तर २८८ चौरस इंच हवेत आणि १७ चा वर्ग २८९ येतो. एका चौरस इंचाची ही चुकामूक त्यांना सहन होईना, आणि २८८ ला भागाकाराच्या रीतीने कितीही पुढे नेले तरी भागाकार संपेना. दशांश चिन्हापुढे न संपणारी संख्या पुस्तकात वाचणे निराळे आणि तिच्या मापाची फळी कापून मागणे निराळे.

मुले पुन्हा दुकानात आल्यावर तुम्ही जुन्या पटाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरलात आणि सांगितलेत, ‘सतराला पाव सूत कमी.’ मग त्या तिरक्या रेघेएवढी बाजू घेऊन गुण्याने, म्हणजे सुताराच्या काटकोनाने, चौरस आखलात, आणि जुना पट कर्णावर कापल्यावर होतील तेवढे कागदाचे चार त्रिकोण त्यात भरून दाखवलेत. दोन पटांचे चार त्रिकोण त्या चौरसात बरोबर बसले. नाना, ही रीत तुम्ही तुमच्या वडिलांकडून शिकलात असे म्हणालात. ती बौधायनाच्या शुल्बसूत्रातही, म्हणजे यज्ञवेदींच्या मापांच्या प्राचीन ग्रंथातही, आहे. चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस क्षेत्रफळाने दुप्पट असतो, असे तिथे म्हटले आहे, आणि कर्णाच्या मापासाठी बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा हिस्सा वजा करावा, असा नियम दिला आहे. बाजू एक फूट धरली, तर १२ इंच अधिक ४ इंच अधिक १ इंच असे १७ इंच होतात आणि वजा करायचा तो इंचाचा चौतिसावा हिस्सा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे तुमचे पाव सूत म्हणजे इंचाचा बत्तिसावा हिस्सा! हा हिशोब मी फळ्यावर मांडला, तेव्हा मला स्वतःलाच पुढचे काही सुचेना. यज्ञाच्या वेदी मोजणाऱ्यांना आणि दारे-खिडक्या मोजणाऱ्यांना एकच अडचण येते आणि ती जवळजवळ एकाच जागी सुटते, हे समजावून सांगण्यासाठी यापेक्षा चांगला तास मला तरी योजता आला नसता.

सापशिडीच्या गटाचे तुम्ही पहिले खेळाडू होतात. त्यांचा नियम सोपा होता: २ ते १० या घरांत पडलेल्याने त्या संख्येच्या वर्गाच्या घरात चढायचे, आणि पूर्ण वर्ग असलेल्या घरात पडलेल्याने वर्गमुळाच्या घरात उतरायचे. तुम्ही पट पाहिलात आणि फासा हातात घेण्याआधीच विचारलेत, की दहावर पडणारा थेट शंभरावर जातो, मग बाकीचा पट कशाला कापून घेतला? त्या प्रश्नावर मुले दोन दिवस भांडली. त्या भांडणातून आणखी दोन गोष्टी निघाल्या. ४ आणि ९ ही घरे शिडीचीही आहेत आणि सापाचीही, कारण ९ वरून ८१ ला चढता येते आणि ३ ला उतरताही येते. आणि शंभर हा स्वतःच पूर्ण वर्ग असल्याने तिथे पोचलेला पुन्हा दहावर घसरतो, म्हणजे खेळ कधी संपायचाच नाही. दहाची शिडी त्यांनी काढून टाकली, ४ आणि ९ चा निर्णय फाशावर सोपवला आणि शंभराला अपवाद केला, कारण एका मुलीच्या म्हणण्याप्रमाणे घरी पोचलेल्या माणसाला कुणी शेतात परत पाठवत नाही. नियम लिहिणाऱ्यालाच नियमाची भोके दिसतात, हे मी दरवर्षी सांगते. पण तुम्ही विचारलेत म्हणून त्यांनी ती शोधली.

याच पटावर पुढे असे आढळले, की शेवटचा भाग कंटाळवाणा होतो. ८१ नंतर थेट १०० पर्यंत एकही साप नाही. का नाही, याचा शोध घेताना मुलांनी दोन लागोपाठच्या वर्गांमधल्या संख्या मोजल्या: १ आणि ४ यांच्यामध्ये दोन, ४ आणि ९ यांच्यामध्ये चार, मग सहा, मग आठ, आणि ८१ व १०० यांच्यामध्ये अठरा. वर्ग जसे मोठे होतात तसे ते विरळ होतात, हे त्यांना खेळ रटाळ झाल्यामुळे कळले.

एका गटाचा पट तुम्ही कापायला नकार दिलात, आणि त्याबद्दलही मी तुमची ऋणी आहे. त्या खेळात पटावर कसलीही गंमत नव्हती. चिठ्ठी उचलायची, वर्गमूळ सांगायचे, बरोबर आले तर दोन घरे पुढे. ‘हा तर पेपर झाला,’ असे तुम्ही म्हणालात. शिक्षक जे शैक्षणिक खेळ बनवतात, त्यांतले बरेच या जातीचे असतात: त्यात गणित हे नाक्यावर भरायच्या पथकरासारखे असते, रस्ता गणिताचा नसतो. वर्गमुळाच्या जागी राजधान्यांची नावे घातली, तरी तो खेळ जसाच्या तसा चालला असता. त्या गटाने सगळे मोडून संख्यारेषेचा पट केला, त्यात ० ते १५ पर्यंतच्या खाचा तुम्ही पाडून दिल्यात, आणि चिठ्ठीवरच्या संख्येचे वर्गमूळ ज्या पूर्ण संख्येच्या अधिक जवळ असेल त्या खाचेत सोंगटी ठेवायची, असा नियम झाला. ५० चे वर्गमूळ सातजवळ, यावर वाद नव्हता. ४२ आणि ४३ यांवर मात्र हातघाईची वेळ आली. तुम्ही त्यांना आलेखाच्या कागदावर साडेसहाचा चौरस काढायला सांगितलेत: छत्तीस पूर्ण घरे, बारा अर्धी म्हणजे सहा, आणि कोपऱ्यातले पाव, एकूण सव्वाबेचाळीस. म्हणून ४२ सहाकडे आणि ४३ साताकडे. सहा साते बेचाळीस, सात आठे छप्पन्न, म्हणजे दोन शेजाऱ्यांचा गुणाकार ही सीमा, हा शोध मग मुलांनी स्वतः लावला, आणि तो पुस्तकात न शोधता पाढ्यात सापडल्याचा त्यांना फार अभिमान आहे.

मध्यंतरी काही पालकांनी, शाळेत फासे टाकायला शिकवतात का, अशी तक्रार केली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पत्त्यांचे डाव कसे रंगतात, हे पाहिलेल्या आयांची ती काळजी अगदीच निराधार नव्हती. तुम्ही पारावर संख्यारेषेचा पट मांडून त्यांनाच खेळायला बसवलेत आणि तक्रार मिटली. त्या संध्याकाळी दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू ६६ फूट, असे ठामपणे सांगणारे तीन बागाईतदार होते. ६६ फुटांत चार गुंठे बसतात आणि दोन गुंठ्यांना ४६ फूट ८ इंच पुरतात, हे त्यांना त्यांच्याच मुलांनी काठीने मातीत आखून पटवले.

पाटणादेवीच्या सहलीत तुम्ही सोबत आलात, हे फार बरे झाले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याचे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख मुलांनी पाहिला, आणि मी भास्कराचार्यांच्याच इ.स. ११५० च्या लीलावती या गणितग्रंथातले हंसांचे कोडे घातले: थव्याच्या वर्गमुळाच्या दहापट हंस मानस सरोवराकडे गेले, आठवा हिस्सा स्थलकमळांच्या वनात गेला आणि तीन जोड्या पाण्यात राहिल्या, तर हंस किती? मुले समीकरण मांडत असताना तुम्ही म्हणालात, की संख्या पूर्ण वर्ग हवी आणि तिला आठाने भाग जायला हवा. १६ घेतले तर चाळीस हंस कुठून जाणार, ६४ घेतले तर ऐंशी कुठून जाणार. मग १४४ घ्या. एकशे वीस, अठरा आणि सहा. आठवीच्या पुढच्या समीकरणापेक्षा ही वाट मुलांना अधिक पटली, आणि मीही ती आता वर्गात आधी सांगणार आहे.

सगळे पट शाळेच्या ग्रंथालयात ठेवले आहेत. फाशांवर १, ४, ९, १६, २५, ३६ कोरून तुम्ही जे चार फासे दिलेत, ते पाचवीची मुले घेऊन जातात आणि वर्गमूळ हा शब्द न ऐकताच एक ते सहा घरे चालतात.

आता आठवीच्या एका गटाला तीन चौरस फुटांचा पट हवा आहे. दुप्पट पटाची बाजू आणि एक फुटाची पट्टी काटकोनात ठेवून त्यांनी माप काढले आहे, वीस इंच आणि सव्वासहा सूत. चिठ्ठी घेऊन ती मुले सोमवारी येतील. मी माप तपासलेले नाही, ते तुम्ही तपासावे.

आपली कृतज्ञ,
गणित शिक्षिका, इयत्ता आठवी
जिल्हा परिषद शाळा, तालुका चाळीसगाव, जिल्हा जळगाव