बेघरांच्या कागदपत्रांचे काय?

प्रति,
मा. संपादक,
सविनय नमस्कार.

थंडी पडू लागली की शहरात ब्लँकेटवाटपाचे फोटो पेपरात दिसू लागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तशा रात्री मेयो रुग्णालयाच्या भिंतीलगत झोपणाऱ्याला ब्लँकेटचे मोल काय असते, हे सांगायला नको. पण आमच्या भागातली एक लहान संस्था खिचडी आणि ब्लँकेटच्या पुढे जाऊन एक काम करते. त्यात फोटो काढण्यासारखे काही नसल्याने त्याची बातमी होत नाही. ही संस्था फुटपाथवरच्या माणसांची कागदपत्रे करून देते. माझी सारी नोकरी सरकारी कार्यालयात अर्ज तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर त्याच अनुभवाच्या जोरावर मी तिथे हातभार लावतो.

मेडिकल चौकाजवळ राहणारे एक बाबाजी डोळ्यांपुढे आहेत. त्यांची सगळी मिळकत सुतळीने बांधलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीत असते: दवाखान्याच्या चिठ्ठ्या, घडीवर फाटलेला कुठल्याशा ठेकेदाराचा हजेरीचा कागद आणि बायकोचा फोटो. आधार कार्ड होते, ते थैलीसकट चोरीला गेले. नंबर पाठ नाही. जोडलेला मोबाइल केव्हाचाच बंद, म्हणजे ओटीपी येणार कुठे? कार्यकर्त्यांनी ब्लँकेट पुढे केले तेव्हा ते म्हणाले, "ब्लँकेट लय झाले जी. ठेवू कुठी? मले तो आधार काढून द्या."

आधार केंद्रावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटेनात. सिमेंट-विटांच्या कामात उमर गेली की बोटांवरच्या रेषा झिजतात. बिगारी कामगारांच्या बाबतीत हे नेहमीचे आहे. अखेर डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटली. मग बँकेत खाते उघडले. संस्थेने सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून आपल्या कपाटात त्यांच्या फोटोसह फाईल लावली, कारण फुटपाथवर पावसात कागद भिजतो आणि अतिक्रमणाची गाडी आली की पिशवीही जाते. अशा फायलींनी ते कपाट भरले आहे. माझ्या मते संस्थेची खरी कमाई तीच.

पण पुढे घोडे अडते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात. वय 65 च्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजना आहे. फुटपाथवरच्या माणसासाठी ही रक्कम लहान नाही. औषधाचा आणि चहा-पोळीचा खर्च त्यात निघतो. त्यासाठी अर्जदाराचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते आणि तो किमान 15 वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. उत्पन्नाची अट तर हे लोक डोळे झाकून पूर्ण करतात. रहिवासाचा पुरावा मात्र आणायचा कुठून? ज्याच्या नावावर विजेचे बिल नाही, घरटॅक्सची पावती नाही, भाडेचिठ्ठी नाही, त्याने या शहरात घालवलेली वर्षे कागदावर कुठेच नसतात. शहरातले निम्मे बंगले ज्यांच्या डोक्यावरून गेलेल्या घमेल्यांनी उभे राहिले, त्यांना तुम्ही इथे राहता कशावरून, असे विचारले जाते. मला हे पटत नाही.

वास्तविक यावर तोड सरकारच्याच दुसऱ्या एका व्यवस्थेत आहे. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायचे असेल तर निवडणूक आयोग पत्त्याचा कागद मागत नाही. अर्जात दिलेल्या ठिकाणी तो खरोखर झोपतो का, हे पाहायला बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने, रात्री जायचे असते, तेही एकापेक्षा जास्त रात्री. झोपलेला आढळला की तोच पुरावा. मतासाठी जर फुटपाथ हा पत्ता होऊ शकतो, तर पोटासाठी का होऊ नये? तलाठी किंवा महापालिकेच्या कर्मचाऱ्याने रात्री जाऊन पंचनामा करावा, आजूबाजूचा चहावाला, ऑटोवाला, दवाखान्याचा चौकीदार यांचे जबाब घ्यावेत आणि तो रहिवासाचा पुरावा म्हणून मान्य व्हावा. चौकातल्या चहावाल्याला तिथे कोण किती वर्षांपासून आहे, हे पक्के ठाऊक असते. यासाठी शासनाने एक स्पष्ट परिपत्रक काढावे. विदर्भातल्या आमदारांनी हिवाळी अधिवेशनात हा विषय मांडावा. अधिवेशन तर इथेच भरते.

निवारा केंद्रांचाही यात मोठा वाटा आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांप्रमाणे दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांच्या निवाऱ्याची सोय हवी. 2011 च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या 24 लाख होती, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने 2,400 जणांची सोय. निवारा म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हे. तिथे राहणाऱ्यांना ओळखपत्र, टपालाचा पत्ता, रेशन, पेन्शन, बँक खाते मिळवून देण्याची अपेक्षा त्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा दाखला आधारसाठीही चालतो. तेव्हा महापालिकेने प्रत्येक निवारा केंद्रात दर महिन्याला एकदा संध्याकाळी सातनंतर आधार, बँक आणि निराधार योजनेची माणसे एकत्र बसवावीत. दिवसा शिबिर लावले तर हे लोक येत नाहीत, कारण एक दिवस बुडाला की रात्रीचे जेवण बुडते.

2023 च्या मार्चमध्ये सी-20 परिषदेच्या, म्हणजे जी-20 अंतर्गत नागरी संस्थांच्या बैठकीच्या, तोंडावर शहरात भीक मागण्यावर बंदीचा आदेश निघाला होता. आदेश तातडीने निघू शकतो, हे त्यावरून दिसले. तेवढीच तातडी आता या कामात दाखवावी.

ब्लँकेट देणाऱ्या दात्यांनाही विनंती आहे. ब्लँकेट जरूर द्या. पण त्यासोबत अशा संस्थांना पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि साध्या मोबाइलच्या रिचार्जचा खर्चही द्या. ज्यांच्याकडे गाडी आणि एखादी मोकळी सकाळ आहे, त्यांनी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आधार केंद्रावर नेऊन रांगेत त्याच्यासोबत उभे राहावे. तिथे एकट्या फाटक्या माणसाला उद्या या म्हणतात. सोबत कुणी असले की अर्ज घेतला जातो.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
नंदनवन, नागपूर