सरांना कोण सांगणार?

प्रिय मंद्या,

आईचा गुडघा बराय, मीही ठीक. सरांची ती शब्दांची वही आठवते ना? तिची पुस्तिका निघतेय, प्रूफं माझ्याकडे आलीत आणि तेव्हापासून झोप नाही रे. सरांनी लिहिलंय की संस्कृत ‘वर्तुळ’चा बटाटा झाला आणि तोच शब्द इथून युरोपात गेला!

अरे, ते पीकच दक्षिण अमेरिकेतलं, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेलेलं. कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांचा ‘बाताता’ म्हणजे रताळं, आणि अँडीजच्या केचुआ भाषेत बटाट्याला ‘पापा’. स्पेनमध्ये दोघांची सरमिसळ होऊन ‘पाताता’, त्यावरून इंग्रजांचा पोटॅटो. पोर्तुगीजांनी ‘बाताता’च ठेवला नि तो आपल्या किनाऱ्याला लागला, म्हणून आपण आणि गुजराती बटाटा म्हणतो, हिंदीवाले आलू. इटालियन लोकांना तो जमिनीखाली उगवणाऱ्या ट्रफल या अळंबीसारखा दिसला, त्या ‘तार्तुफोलो’चं जर्मनीत कार्टोफेल झालं आणि तिथून ते रशियात गेलं. फ्रेंचांना तो जमिनीतलं सफरचंद वाटला. आणि तू प्रागमध्ये रोज खातोस तो ‘ब्रांबोर’ जर्मनीतल्या ब्रांडेनबर्गच्या जुन्या चेक नावावरून आलाय, विचार तिथल्या कुणालाही! एवढा प्रवास पुसून टाकायचा?

बरं, सगळंच चूक असतं तर सोपं होतं. नारिंगाचं पान सुंदर लिहिलंय. संस्कृत ‘नारंग’ फारसीत, मग अरबीत, तिथून स्पेनमध्ये, आणि फ्रेंचमध्ये पोचेपर्यंत पुढचा ‘न’ गळून ऑरेंज. हे खरंय, पण बटाट्याशेजारी छापलं तर यावरही कोण विश्वास ठेवणार? शाळांच्या लायब्ररीत जाणारेय ते.

तू म्हणशील, जाऊ दे, म्हाताऱ्याचं मन कशाला मोडतोस. निरोप समारंभाच्या वेळीही तू हेच म्हणालास आणि आपण किती दिवस बोललो नव्हतो! त्या भांडणात मीच बरोबर होतो, आजही म्हणतो. पण मंद्या, कोश उघडायला आपल्याला सरांनीच शिकवलं ना रे. त्यांच्या नावावर हे छापून येऊ द्यायचं? मी विषय काढला की ते चहा टाकायला उठतात. तुझं ऐकतात, नेहमीच ऐकत आले.

घर मिळालं का? वहिनीच्या नोकरीचं काय? पोरीचे फोटो पाठव, मोठी झाली असेल.

रविवारी सकाळी सरांना फोन कर, दुपारी ते झोपतात. आधी नारिंगाचं कौतुक कर, मग बटाट्यावर ये. सोमवारी पानं प्रेसला द्यायचीत.

तुझा,
बाळ्या