इतिहासाच्या एम.ए.ला मोडी हवीच

महोदय,

मुलीने इतिहासात एम.ए. करायचे म्हटले की 'पुढे शिक्षिकाच ना?' असा प्रश्न हमखास येतो. पण २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधताना मोडी लिपी वाचणाऱ्यांची किती निकड भासली, हे साऱ्या राज्याने पाहिले. जुन्या जमिनींचे, वतनांचे कागद मोडीतच आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात तर अशा कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. अभिलेखागार, संग्रहालये, वारसा-पर्यटन, प्रकाशन इथेही संधी आहेत. पण शब्द न तोडता सलग लिहिलेली मोडीची एक ओळ पदव्युत्तर विद्यार्थ्याला वाचता येत नसेल, तर तो मूळ कागदापर्यंत पोहोचणार कसा? विद्यापीठांनी मोडी सक्तीची करावी आणि एक सत्र दप्तरखान्यात प्रत्यक्ष काम द्यावे.

– एक वाचक, सातारा