आई-आप्पांना, आर्येप्लूगहून

ती. आप्पा, सौ. आई,

सा. न. मी मजेत आहे, पहिलं तेच सांगतो, कारण आईला कुणीतरी बर्फावरच्या गाड्यांचे व्हिडिओ दाखवलेले दिसतात. हो, गोठलेल्या तळ्यावरच चालते गाडी, पण युरोपातल्या मोठमोठ्या कंपन्या हिवाळ्यात टेस्टिंगला इथे स्वीडनला येतात, अन् बर्फाला भोकं पाडून जाडी मोजल्याशिवाय कुणालाच आत सोडत नाहीत. आणि मी चालवतच नाही, शेजारी बसतो. तळं किती खोल ते विचारू नको.

आप्पा, एवढं शिकून शेजारी बसून काय करतो म्हणता, तर माझ्याकडे तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर असतो. गाडीतलं इंजिन, ब्रेक, चाकांचे सेन्सर सगळे दोन तारांवर एकमेकांशी बोलतात, ही पद्धत बॉशने १९८६ साली आणली, माझा डबा ते नुसतं ऐकतो, लिहून घेतो अन् रेंज असली की ऑफिसला पाठवतो, नसली की कार्डावर साठवतो. खरी भानगड सप्लायची. उणे तीसला बॅटरी अर्धमेली होते, स्टार्टर मारला की बारा व्होल्टचे क्षणभर आठ-नऊ, की कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, अन् नेमका स्टार्टिंगचाच डेटा जातो जो सगळ्यांना पाहिजे असतो. म्हणून मध्ये कन्व्हर्टर, बॅटरी कितीही खाली गेली तरी याला पाच व्होल्ट मिळालेच पाहिजेत. चावी काढल्यावरही फाईल बंद करायला मिनिटभर द्यायचं, नाहीतर कार्ड खराब.

बरं, इथली एक तऱ्हा ऐका. लोक रात्री गाडीला वायर लावतात. इलेक्ट्रिक नाही ओ, साध्या पेट्रोल-डिझेलच्या गाडीला! पुढच्या जाळीत सॉकेट, पार्किंगला प्रत्येक जागेसमोर खांब, खुंट्याला बैल बांधावेत तशा गाड्या रांगेत. आत हीटर असतो, तो इंजिन गरम करतो, म्हणजे सकाळी एका झटक्यात स्टार्ट. आणि खांबाला टायमर, का तर रात्रभर वीज कशाला जाळा, निघायच्या आधी एक-दोन तास पुरतात. जेवलास का कुणी विचारत नाही, वायर लावली का विचारतात.

जेवतो मी नीट, वजन कमी नाही झालं, कॅमेराच तसा आहे. दुकानात केळी इक्वेडोरची. भाव सांगत नाही, आप्पांना झोप लागायची नाही.

सोसायटीच्या हप्त्याचे पैसे टाकलेत. मनूच्या साडीचे वेगळे आहेत, ते ठिबकच्या नळ्यांत घालू नका, मी ओळखतो तुम्हाला. सुपारीला काही जमत नाही ब्वा, सीझन मार्चअखेरपर्यंत, सुट्टी मागितली तर साहेब नुसता हसला. माझ्यासाठी तारीख हलवू नका, पाहुण्यांना बरं दिसणार नाही. लग्न आखाजीच्या सुमाराला धरा, मी येतोच, नक्की. अन् मला पाठवलेला फोटो बघितला, मुलगी चांगली आहे, पण आधी मनूचं होऊ द्या ना.

सुपारीच्या दिवशी व्हिडिओ कॉल दुपारी लावा, तुमच्या सकाळी इथे रात्र असते. मोबाईल ओट्यावरच ठेवा, आत रेंज येत नाही.

तुमचा,
भूषण