शब्द सापडेपर्यंत थांबलात, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतल्या तंतूंना इजा करणाऱ्या आजाराचे, निदान होऊनही माझे चालणे-फिरणे व्यवस्थित असल्यामुळे, बँकेत व्हाउचर तपासताना आकडे निसटतात, दोघे एकदम बोलू लागले की एकाचेही बोलणे हाती लागत नाही, असे मी कळवळून सांगत असे, तेव्हा आधीच्या डॉक्टरांनी ‘आजार सौम्य आहे, तुम्ही उगाच मनाला लावून घेता’ एवढ्यावर माझी बोळवण केली. घरच्यांनीही तेच धरून ठेवले. ती बोळवण मला आजाराहून जास्त लागली.

तुम्ही चिन्हांना जुळणारे अंक सांगण्याची ९० सेकंदांची चाचणी घेतलीत आणि माझी बुद्धी शाबूत असून विचारांची गती मंदावली आहे, हे स्पष्ट सांगितलेत. मग एमआरआय पडद्यावर लावून थॅलॅमस हा मेंदूच्या आतला भाग दाखवलात. मेंदूच्या अनेक भागांचे निरोप ज्या जणू मनमाड जंक्शनातून पुढे जातात, तेच या आजारात लवकर आकसू लागते; मेंदूच्या बाह्य करड्या थरातल्या इजा साध्या एमआरआयवर बहुधा दिसतच नाहीत, आणि निरोगी दिसणाऱ्या पांढऱ्या भागातही तंतूंची सूक्ष्म हानी झालेली असू शकते. म्हणजे पाय धड असले तरी मेंदू थकत असतो, हे मला कोणीतरी प्रथमच समजावले. अशा रुग्णांची स्मृती क्षीण होते, हे फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी १९व्या शतकातच नोंदवले होते. तरीही आजाराची तीव्रता ठरवणारी प्रचलित मोजपट्टी मुख्यत्वे चालण्यावरच भर देते, याची मला चीड येते.

तरीही सर्वांत मोलाचा वाटला तो एक क्षण. बोलता बोलता, नोकरीत रोज उच्चारलेला ‘ताळेबंद’ हा शब्द मला सापडेना. ह्यांनी तो पुरवण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात तुम्ही हात किंचित वर करून त्यांना थांबवलेत, पेन खाली ठेवलेत आणि माझ्याकडे पाहत शांत बसलात. शब्द आला. तुम्ही म्हणालात, ‘तो गेलेला नाही, त्याला यायला वेळ लागतो.’ विद्वत्ता पुष्कळांकडे असते. पण बाहेर रुग्णांची रांग लागलेली असताना समोरच्याचे पूर्ण ऐकून घेण्याची सभ्यता फार थोड्यांना टिकवता येते.

आता हे माझी वाक्ये पुरी करीत नाहीत, आणि ताळमेळाचे काम मला सकाळी, काउंटर उघडण्यापूर्वीच्या शांततेत मिळते. ही सवलत तुमच्या पत्रामुळे मिळाली. त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपली ऋणी,
एक बँक कर्मचारी